पॅरिस ठप्प असताना

सिनेमा संपला, दिवे लागले आणि माझ्या मागच्या रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांनी कोणालाही उद्देशून नव्हे, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "ते सगळे ठीक आहे हो, पण त्या फ्रांस्वाचे काय?" फिल्म सोसायटीच्या खेळानंतर असा एखादा प्रश्न कोणीतरी विचारतेच. त्यावर थोडा हशा पिकतो, थोडा वाद होतो आणि मग मंडळी चहाच्या टपरीकडे वळतात. त्या संध्याकाळी हशा पिकला नाही, कारण प्रश्न रास्त होता. क्लेर दनी या फ्रेंच दिग्दर्शिकेचा 'व्हाँद्रदी स्वार', म्हणजे 'शुक्रवारची संध्याकाळ', हा २००२ सालचा चित्रपट आम्ही नुकताच पाहिला होता. त्यातली लोर नावाची स्त्री ज्याच्या घरी दुसऱ्या दिवशी कायमची राहायला जाणार असते, तो हा फ्रांस्वा. तो पडद्यावर दिसत नाही. त्याच्याबद्दल वाईट असे काही आपल्याला सांगितले जात नाही, तो तिला छळतो असे नाही की तिचे त्याच्यावरचे प्रेम आटले आहे असेही नाही. तरीही त्या रात्री लोर एका अनोळखी माणसाबरोबर हॉटेलच्या खोलीत जाते, आणि पहाटे उठून निघून जाते. कथा विचाराल तर एवढीच.

त्या गृहस्थांचा प्रश्न माझ्या डोक्यात बराच काळ राहिला. मला त्याचे उत्तर हवे होते असे नाही. उत्तर नसलेला सिनेमा मला अपुरा का वाटला नाही, याचा मला उलगडा हवा होता.

लोरने घर आवरले आहे. पुस्तके, कपडे, भांडी खोक्यांत भरून झाली आहेत. सुरुवातीला कॅमेरा संध्याकाळच्या पॅरिसच्या छपरांवरून, धुराड्यांवरून आणि उजळत जाणाऱ्या खिडक्यांवरून फिरतो, आणि त्यातल्याच एका खिडकीत आपल्याला ही बाई सापडते. शेवटच्या रात्री घर जसे असते तसे ते आहे, म्हणजे आपलेही नाही आणि अजून परकेही झालेले नाही. तिला एका मैत्रिणीकडे जेवायला जायचे आहे. ती गाडी काढते आणि लगेचच अडकते, कारण शहरात वाहतुकीचा संप आहे. मेट्रो बंद, बस बंद, आणि ज्याच्याजवळ गाडी आहे तो प्रत्येक जण गाडी घेऊन रस्त्यावर आलेला.

या संपाला खरा आधार आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये पंतप्रधान आलँ ज्यूपे यांनी सामाजिक सुरक्षा व्यवस्थेच्या फेररचनेचा आराखडा मांडला. त्यात सरकारी रेल्वेसारख्या उपक्रमांतल्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाच्या खास तरतुदींना हात घातला होता. २४ नोव्हेंबरपासून संप सुरू झाला. रेल्वे आणि पॅरिसची मेट्रो जवळजवळ तीन आठवडे थांबली, आणि डिसेंबरच्या मध्यावर सरकारने निवृत्तिवेतनाचा भाग मागे घेतला तेव्हा कुठे चाके फिरू लागली. ऐन थंडीत पॅरिसकर मैलोन्‌मैल चालले, माळ्यावरच्या सायकली खाली उतरल्या, काही जण चाकांचे बूट घालून कचेरीत गेले, आणि अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांना गाडीत घेतले. एमान्युएल बेर्नेम या लेखिकेने त्या दिवसांवर एक छोटी कादंबरी लिहिली. ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरून दनी आणि बेर्नेम या दोघींनी मिळून पटकथा तयार केली. बेर्नेम कमी शब्दांत लिहिणारी लेखिका होती, आणि १९९३ चे मेदिसिस पारितोषिक तिला अशाच एका सडपातळ कादंबरीसाठी मिळाले होते. तिच्या गद्याचा तो काटकपणा चित्रपटातही टिकला आहे. संपाची बाजू कोणाची खरी, यावर त्यात एक शब्द नाही. गाडीतल्या रेडिओवरून कोणीतरी सांगत असते की रस्ते तुंबले आहेत, तेव्हा जमेल त्यांनी पायी चालणाऱ्यांना आपल्या गाडीत घ्यावे. बस्स, चित्रपटातले राजकारण एवढेच.

शहर ठप्प झाले की माणसे एकमेकांकडे पाहू लागतात, हे मुंबईच्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात ज्यांनी परक्यांच्या घरात रात्र काढली, त्यांना तो अनुभव फार मोठ्या किमतीत मिळाला. पॅरिसच्या संपात जिवावर बेतणारे काही नव्हते. तिथे फक्त वेळ साचत गेला होता, आणि चित्रपटाला त्या साचलेल्या वेळातच रस आहे.

पहिला अर्धा-पाऊण तास आपण लोरबरोबर त्या कोंडीत बसून असतो. हा भाग काहींना कंटाळवाणा वाटतो. माझ्या शेजारची मैत्रीण त्या वेळात दोनदा घड्याळ पाहून चुकली होती. मला मात्र तोच भाग सगळ्यांत श्रीमंत वाटतो. छायाचित्रणकार आन्येस गोदार यांनी ती कोंडी अशी टिपली आहे की वैतागाच्या त्या देखाव्याला हळूहळू एक ऊब येत जाते. मागच्या दिव्यांचा लाल प्रकाश ओल्या काचेवर पसरतो, शेजारच्या गाडीतल्या बाईचा चेहरा क्षणभर उजळतो आणि विझतो, कोणी वाफाळलेल्या काचेवर बोट फिरवतो, कोणी स्टिअरिंगवर ताल धरतो. प्रत्येक गाडी म्हणजे एक लहानशी खोली, आणि सगळ्या खोल्या एकमेकींना काचेतून दिसत असतात. लोर त्या खोल्यांत डोकावत राहते आणि आपण लोरच्या खोलीत. डिकन हिंचलिफ यांचे तंतुवाद्यांचे संगीत मधूनच वर येते आणि काही सांगायच्या आत पुन्हा इंजिनांच्या घरघरीत बुडून जाते. गाडीत हीटर चालू आहे, बाहेर गारठा आहे. एवढ्या साध्या विरोधावर दनी यांनी सगळी वातावरणनिर्मिती उभी केली आहे. आत आणि बाहेर यांच्यामध्ये फक्त एक काच आहे, आणि कोणीतरी तिच्यावर टकटक करील याची आपण नकळत वाट पाहू लागतो.

मग जाँ येतो. चाळिशी ओलांडलेला, लांब कोट घातलेला, थकलेला आणि फारसा न बोलणारा. तो गाडीत बसतो, आणि त्याच्याबरोबर सिगारेटचा वास आत येतो. तो काय करतो, कुठून आला, त्याचे कोणी आहे की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही. व्हँसाँ लँदाँ यांनी ही भूमिका खांदे, मान आणि हात यांच्या आधाराने केली आहे, कारण वाक्ये त्यांच्या वाट्याला जवळजवळ नाहीतच. लोरच्या भूमिकेत वालेरी लमेर्सिए आहेत. फ्रान्समध्ये त्यांची ओळख मुख्यतः विनोदी नटी अशी, आणि १९९३ च्या एका धमाल विनोदी चित्रपटातल्या सहायक भूमिकेसाठी त्यांना सेझार पारितोषिकही मिळाले होते. इथे त्यांचा तो चपळ चेहरा गप्प बसवला आहे, पण विनोदी नटीची जाण चेहऱ्यातून जात नाही. संकोच, मोह, स्वतःच्या धाडसाचे हसू आणि त्या हसण्याची लाज, हे सगळे त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात एकापाठोपाठ येऊन जाते. हीच भूमिका एखाद्या गंभीर, देखण्या नायिकेने केली असती तर त्या रात्रीला उगाच शोकांतिकेचे वजन आले असते, असे मला नेहमी वाटते.

यानंतरच्या एका प्रसंगाबद्दल मला थोडे थांबून बोलायचे आहे. एका क्षणी जाँ स्वतः चालवायला बसतो आणि त्या तुंबलेल्या रस्त्यातून गाडी वेगाने मागे घेत, गल्लीबोळांतून भरधाव बाहेर काढतो. इतका वेळ मुंगीच्या पावलाने सरकणारा चित्रपट एकाएकी धावू लागतो. मोकळे झाल्याचा आनंद आपल्याला व्हायचाच असतो, तेवढ्यात लोर घाबरते. रात्र आहे, गाडी तिची आहे, आणि ती चालवतो आहे ज्याचे आडनावही ठाऊक नाही असा पुरुष. ती त्याला थांबायला सांगते. तो थांबतो आणि उतरून जातो. मला वाटते, प्रेक्षागृहातल्या प्रत्येक बाईने त्या क्षणी स्वतःच्या आठवणीतली एखादी रिक्षा, एखादा निर्जन रस्ता पाहिला असेल. मी तरी पाहिला. रोमँटिक चित्रपट ही भीती सहसा दाखवत नाहीत, कारण तिच्यामुळे नायक डागाळतो. दनी यांनी ती दाखवली, आणि शिवाय तिचे समाधान करण्याचा खटाटोपही केला नाही. भीती वाटली, ती बोलून दाखवली आणि तिचा मान राखला गेला. तो उतरून गेला म्हणूनच पुढचे शक्य झाले.

पुढचे म्हणजे असे की लोर त्याला शोधायला निघते. आपल्याकडे क्षणिक भेटीचा विषय निघाला की महासागरात वाहत आलेल्या दोन ओंडक्यांची उपमा आठवतेच. लाट त्यांना जवळ आणते आणि लाटच दूर नेते. महाभारतापासून चालत आलेली ही उपमा सुंदर आहे, आणि लहानपणापासून कानांवर पडल्यामुळे आपल्या रक्तात भिनलेली आहे. पण या चित्रपटाला ती लागू पडत नाही, कारण ओंडका काही शोधत नाही. संपाने लोरला जाँच्या जवळ आणले हे खरे. मात्र ती पहिली भेट संपली होती, तो गेला होता, ती मैत्रिणीकडे किंवा स्वतःच्या घरी परत जाऊ शकत होती. तिने तसे केले नाही. ती कॅफेत गेली आणि तो तिथे बसलेला तिला सापडला. पहिल्या भेटीचे श्रेय नशिबाला देता येईल, दुसरी तिची आहे. या गोष्टीकडे मी पहिल्यांदा पाहताना लक्षच दिले नव्हते. संप, कोंडी, थंडी अशा सगळ्या बाहेरच्या कारणांनी मला इतके गुंतवून ठेवले होते की तिने काय केले ते माझ्या नजरेतून निसटले.

दुसरी आठवण एका ब्रिटिश चित्रपटाची होते. डेव्हिड लीन यांच्या १९४५ च्या 'ब्रीफ एन्काउंटर'मध्येही एक स्त्री आहे, एक परका पुरुष आहे आणि मोजका वेळ आहे. योगायोगाने तिचे नावही लॉरा आहे. पण ती कथा रेल्वे स्टेशनात घडते. दर गुरुवारी ती गावात येते, चहाच्या दालनात ते भेटतात, त्याची गाडी एका फलाटावरून सुटते आणि तिची दुसऱ्या, आणि प्रत्येक भेटीवर वेळापत्रकाचा पहारा असतो. संपूर्ण कथा ती मनातल्या मनात नवऱ्यापुढे दिलेल्या कबुलीजबाबासारखी सांगते, आणि शेवटी त्याच्याकडे परतते. चित्रपट थोर आहे, यात वादच नाही. मात्र त्यातल्या प्रेमाला लागणारे इंधन अपराधाची जाणीव पुरवते. 'व्हाँद्रदी स्वार'मध्ये गाड्याच बंद आहेत. कोणालाही कुठेही वेळेवर पोहोचायचे नाही, कारण कोणी पोहोचूच शकत नाही. मैत्रिणीला फोन करून न येण्याचे कळवताना लोरला खोटे रचण्याचेही कष्ट पडू नयेत, इतकी सबब शहरभर पसरलेली आहे. घड्याळ गेले आणि त्याच्याबरोबर कबुलीजबाबही गेला. लोर कोणाहीपुढे काहीही सांगत नाही, आपल्यापुढेही नाही. निवेदनाचा आवाज या चित्रपटात नाही, आणि संवाद इतके थोडे आहेत की पडद्याखालची इंग्रजी भाषांतरे वाचण्याऐवजी आपण बराच वेळ चेहरेच वाचत असतो.

हॉटेलची खोली गार आहे. तिथला हीटर लावावा लागतो. दोघे अंगावरचे कोट न काढताच एकमेकांच्या जवळ येतात. हा प्रसंग कॅमेऱ्याने इतक्या जवळून घेतला आहे की कुठला हात कोणाचा, कुठले कापड आणि कुठली त्वचा हे क्षणभर कळेनासे होते. दिसते ती लोकरीच्या धाग्यांची खरखर, केसांखालची मान आणि बटणापाशी अडखळलेले बोट. नग्नता फारशी नाही, आणि जी आहे ती दाखवण्यासाठी नाही. लेखिका, दिग्दर्शिका, छायाचित्रणकार आणि संकलक नेली केतिए, अशा चौघी स्त्रियांच्या हातांतून हा प्रसंग गेला आहे. एवढ्यावरून सगळे स्पष्ट होते असा माझा दावा नाही, पण इथे लोरच्या शरीराकडे पाहिले जात नाही, तिच्या शरीराला जे जाणवते ते पाहिले जाते, हा फरक डोळ्यांना लगेच कळतो.

याच्या आदल्याच वर्षी दनी यांचा 'ट्रबल एव्हरी डे' आला होता. तोही पॅरिसचा, त्यातही हॉटेल, त्यातही आन्येस गोदार यांचा कॅमेरा त्वचेला असाच भिडलेला. त्यात मात्र वासना माणसाला अक्षरशः दुसऱ्याचे मांस तोडायला लावते, आणि तो पाहणे मला जड गेले. दोन्ही चित्रपट एकाच व्यक्तीने पाठोपाठ केले हे कळल्यावर मला या चित्रपटातली कोवळीक अधिक खरी वाटू लागली. जवळ येण्यात किती धोका असतो हे पुरते ठाऊक असलेल्या बाईने ही रात्र रचली आहे.

दोष नाहीत असे नाही. मधूनच गाडीवरची अक्षरे किंवा पिझ्झ्यावरचे जिन्नस असे निर्जीव पदार्थ जिवंत झाल्यासारखे हलतात. लोरचे मन हलके झाले आहे, हे सांगण्याचा तो मार्ग असावा, पण मला ते लाडीक वाटते. रात्री दोघे जेवायला बाहेर पडतात, तेव्हा तिथल्या एका तरुण स्त्रीत आणि जाँमध्ये काहीतरी घडते, की घडल्याचे लोर कल्पिते, हे चित्रपट मुद्दाम धूसर ठेवतो. हा धूसरपणा मला पहिल्यांदा चमत्कृतीपूर्ण वाटला होता. आता तो चित्रपटातला सगळ्यांत प्रामाणिक क्षण वाटतो, कारण दोन-तीन तासांची ओळख आणि तरीही मत्सर, हे हास्यास्पद आहे आणि अगदी खरे आहे. जाँ इतका कोरा ठेवला आहे, ही मात्र मला सोय वाटते. ज्याला भूतकाळ नाही, कर्ज नाही, खोकला नाही, अशा पुरुषावर कोणाचाही जीव जडेल. पुरुष दिग्दर्शकांनी स्त्रियांना वर्षानुवर्षे असेच कोरे ठेवले, आता एकदा उलट झाले तर काय बिघडले, असे माझी मैत्रीण म्हणते. तिचे म्हणणे खोडून काढावे असे काही मला सुचलेले नाही.

हा चित्रपट मी अलीकडे पुन्हा पाहिला तो घर बदलण्याच्या आदल्या आठवड्यात, लॅपटॉप एका भरलेल्या खोक्यावर ठेवून. तेव्हा मला लोरच्या खोक्यांचा अर्थ लागला. घर आवरताना माणूस वस्तूंचे तीन ढीग करतो. न्यायच्या, द्यायच्या आणि टाकायच्या. पण दर वेळी एक चौथा ढीगही होतो, तिन्हींपैकी कशातच न बसणाऱ्या वस्तूंचा. एखादी किल्ली, जिचे कुलूप आठवत नाही. एखादे तिकीट. ते नव्या घरात नेण्यात अर्थ नसतो आणि टाकवत तर नाही. मी तो ढीग दोन दिवस खिडकीच्या कट्ट्यावर तसाच ठेवला होता. लोर काही फ्रांस्वाला सोडून जात नाही, निदान तसे म्हणायला चित्रपटात आधार नाही. शनिवारी तिची खोकी त्याच्या घरी पोहोचतील, ती फुटतील, पुस्तके त्याच्या पुस्तकांत मिसळतील. शुक्रवारची रात्र त्यातल्या कुठल्याच खोक्यात जाणार नाही. मागच्या रांगेतल्या गृहस्थांना तिचा हिशेब फ्रांस्वाच्या खात्यावर मांडायचा होता, आणि बहुतेक चित्रपट तो मांडूनही देतात. अशा रात्रीनंतर बाई एकतर पस्तावते किंवा मुक्त होते, तिचे लग्न मोडते किंवा पूर्वीपेक्षा घट्ट होते. दनी यांनी त्या रात्रीला कशाचेही कारण होऊ दिलेले नाही.

पहाटे जाँ झोपलेला असताना लोर खोलीबाहेर पडते. निळसर उजेडातल्या रिकाम्या रस्त्यावर ती आधी चालते आणि मग धावू लागते. दृश्याची गती मंदावते, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरते. ती कोणापासून पळते आहे असे वाटत नाही, कोणाकडे धावते आहे असेही नाही. थंडीत ऊब यावी म्हणून मुले धावतात, तशी ती धावते. तिथेच चित्रपट थांबतो.

या वेळी माझ्याबरोबर तीच मैत्रीण होती, पूर्वी घड्याळ पाहणारी. पडदा काळा झाल्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग चहाचे कप उचलता उचलता तिने विचारले, "तिने गाडी कुठे लावली होती, ते तिच्या लक्षात असेल का गं?"